सिलवानच्या दाराची कडी

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. एका उजाड माळरानाच्या कडेला ख्रिस्ती लोकांचं एक छोटंसं गाव होतं. दगडी भिंतींचं एक चर्च, त्याच्या आजूबाजूला थोडीफार घरं आणि खाली ओढ्याकाठी सगळ्यांची मिळून एक विहीर. त्या गावात सिलवान नावाचा एक माणूस राहायचा.

सिलवानसारखा कामाचा माणूस शोधून सापडला नसता. कुणाचं छप्पर गळायला लागलं की सिलवान शिडी घेऊन हजर. एखाद्या म्हातारीला विहिरीवरून पाणी आणवत नसलं की सिलवान घागर उचलायचा. कुणी आजारी पडलं तर गाडी जोडून माळापलीकडच्या वैद्याकडे नेणारा तोच, आणि कुणी गेलं तर कबर खणणाराही तोच.

पण त्याने कधी कुणाच्या घरचा घास घेतला नाही. छप्पर शाकारून तो खाली उतरला की घरची बाई म्हणायची, "सिलवानभाऊ, गरम भाकरी आहे, दोन घास खाऊन जा."

"नको वहिनी, अजून एक काम राहिलंय," असं म्हणत तो चालू पडायचा.

मग संध्याकाळी तो आपल्या घरी यायचा, चूल पेटवायचा आणि एकट्याने भाकरी खायचा. शेजारच्या घरातून बोलण्याचे, हसण्याचे आवाज यायचे. तो ते ऐकत बसायचा आणि मग भांडी घासून टाकायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. सगळं गाव त्याला मान द्यायचं, पण त्याच्या दारात सहज म्हणून कुणी यायचं नाही. काम असलं तरच यायचं.

त्याला कारण होतं. सिलवानचे आईबाप तो लहान असतानाच गेले आणि तो चुलत्याच्या घरी वाढला. चुलती रोज ताट वाढण्याआधी विचारायची, "आज काय केलंस रे?" शेण काढलं, सरपण आणलं, वासरू चारलं, असं काहीतरी सांगितलं की भाकरी मिळायची. एकदा तो तापाने फणफणला होता. त्या दिवशी त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याच्यापुढे ताटही आलं नाही. चुलती दुष्ट नव्हती. घरात तोंडं फार होती आणि धान्य थोडं होतं, इतकंच. पण अंगात ताप असताना चुलीवरच्या भाकरीचा वास घेत पडून राहिलेलं पोर ते विसरलं नाही.

पुढे चुलता-चुलती देवाघरी गेले. तो प्रश्न मात्र सिलवानजवळच राहिला. चर्चमध्ये डोळे मिटले की त्याला स्वर्गाचं दार दिसायचं, आणि त्या दारात उभा राहून देव त्याला विचारायचा, "काय केलंस रे?" मग सिलवान घाईघाईने उठायचा आणि करण्यासारखं काही काम शोधायला बाहेर पडायचा.

त्याच गावात हनोख नावाचा दुसरा एक माणूस होता. हा अगदी उलटा. सकाळ झाली की चर्चच्या पायरीवर येऊन बसायचा, डोळे मिटून प्रार्थना करायचा, मोठ्या गोड गळ्याने भजनं म्हणायचा. "प्रभूने मला तारलंय," असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि ते त्याला मनापासून वाटायचं. पण कामाला म्हणून त्याने कधी हात लावला नव्हता. भावजय देईल ते खायचा. पोरंटोरंसुद्धा त्याची थट्टा करायची. त्याच्याशीही कुणी दोन शब्द धड बोलायचं नाही.

एकदा सिलवान चर्चसाठी सरपणाचा मोठा भारा घेऊन आला. पायरीवर हनोख बसलेला होता.

"हनोख, जरा हात लाव रे," सिलवान म्हणाला.

"मी प्रार्थनेत आहे," हनोखने डोळे न उघडताच सांगितलं.

सिलवानला एरवी राग यायचा नाही, त्या दिवशी आला. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "अशीच गाणी म्हणत स्वर्गाच्या दाराबाहेर उभा राहशील तू! आत कुणी घेणार नाही तुला."

लोक हसले. हनोखने मान खाली घातली.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका विधवेला सरपण हवं होतं म्हणून सिलवान बाभळीवर चढला. फांदी मोडली आणि तो दगडावर पडला. गुडघ्याखाली पाय मोडला, उजवं मनगटही मोडलं. लोकांनी त्याला उचलून घरी आणलं. हाडं बसवणारा आला, त्याने बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही. उठलास तर पाय कायमचा गेला समज."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची रिबकाकाकू पिठलं-भाकरी घेऊन आली.

"न्या ते काकू," सिलवान म्हणाला. "मला आता तुमचं काही काम करता येणार नाही."

"अरे, मी काही मागितलं का तुझ्याकडे?"

"म्हणूनच नको."

रिबकाकाकू ताट तिथेच ठेवून गेली. संध्याकाळी येऊन पाहते तर भाकरी तशीच वाळून गेलेली. ताट उचलताना तिचे डोळे भरून आले. इतर बायाही आल्या, कुणी भात आणला, कुणी दूध आणलं. सगळ्यांना त्याने परत पाठवलं. घरात थोडे फुटाणे होते आणि पाण्याचा एक माठ होता. तेवढ्यावर तो राहिला.

मग चर्चचे पाळकबाबा भेटायला आले. "मी याआधीच यायला हवं होतं सिलवान," ते म्हणाले. "माफ कर." त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि ते जायला उठले, तेव्हा सिलवानने त्यांचा अंगरखा धरला.

"बाबा, एक विचारू? मी आता नुसता पडून आहे. माझ्याने काही होत नाही. आतापर्यंत जे केलं ते पुरेल का?"

"कशाला पुरेल?"

"देवाला."

पाळकबाबा परत खाली बसले. "अरे, पापातून तारण कामाच्या मोबदल्यात मिळत नसतं. प्रभूने वधस्तंभावर जीव दिला तेव्हाच ते आपल्याला देऊन टाकलं. आपण विश्वास ठेवायचा आणि ते घ्यायचं. ते दान आहे."

"फुकट?"

"फुकट."

सिलवानने त्यांचा अंगरखा सोडला. मग म्हणाला, "बाबा, फुकट तर मला घरच्या माणसांनीही कधी काही दिलं नाही."

पाळकबाबांचं म्हणणं खरं होतं, पण ते त्या माणसाच्या आत जाईना. ते त्याच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

ते गेल्यावर सिलवान कसाबसा सरपटत दारापर्यंत गेला. डाव्या हाताने त्याने आतून कडी घातली. आता कुणी येणार नव्हतं आणि त्याला कुणाला नाही म्हणावं लागणार नव्हतं. लोक येऊन दार वाजवून गेले. "त्याला आपण नकोत," असं म्हणत हळूहळू त्यांनी येणं सोडलं. त्यांचंही मन दुखावलं होतं.

आत सिलवान आढ्याकडे बघत पडून राहिला. विहिरीवर जाणाऱ्या बायकांची बोलणी कानावर यायची आणि लांब निघून जायची. कुणाची तरी शेळी भिंतीला अंग घासून जायची. आपण मेलो तर किती वेळाने कुणाला कळेल, असा विचार त्याच्या मनात आला. मग त्याला वाटलं, देवानेही असंच येणं सोडलं असेल. काम न करणाऱ्याकडे तो कशाला येईल?

इकडे हनोख चर्चच्या पायरीवर बसून सिलवानसाठी प्रार्थना करत होता. त्याला सिलवानचे शब्द फार लागले होते, तरी तो करत होता. "प्रभू, सिलवान एकटा आहे. त्याच्याकडे कुणाला तरी पाठव. प्रभू, कुणाला तरी पाठव." काही दिवस त्याचं हेच चाललं होतं.

एका सकाळी हेच म्हणता म्हणता तो मध्येच थांबला. त्याने डोळे उघडले. समोर त्याचेच दोन पाय पायरीवर पसरलेले होते, धडधाकट. त्यांच्याकडे तो बघत राहिला आणि त्याला इतकी लाज वाटली की प्रार्थना अर्धीच टाकून तो उठला.

त्याने भावजयीकडून एक भाकरी आणि एक घागर मागून घेतली. घागर कशाला, असं भावजयीने विचारलं, तेव्हा "पाणी आणायला," असं तो म्हणाला, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. विहिरीवर बायका हसल्या. घागर खांद्यावर कशी घ्यायची तेही त्याला माहीत नव्हतं. चढण चढेपर्यंत निम्मं पाणी त्याच्या अंगावर सांडलं होतं.

त्याने सिलवानचं दार वाजवलं. उत्तर आलं नाही.

"मी हनोख आहे."

मग आतून थकलेला आवाज आला, "तू? तू कशाला आलास?"

"पाणी आणलंय. भाकरी आणलीये."

"मी तुझ्यासाठी कधीच काही केलं नाही."

"नाही केलंस."

"उलट चारचौघांत तुझा अपमान केला."

"हो. घरी जाऊन रडलो होतो मी."

"मग का आलास?"

हनोख उंबऱ्याबाहेर खाली बसला. "खरं सांगू? देवाला रोज सांगत होतो, कुणाला तरी पाठव म्हणून. बहुतेक त्याच्याजवळ माझ्याशिवाय रिकामं कुणी नव्हतं."

ऊन वर चढलं. हनोख भिंतीला टेकून बसून राहिला. मग त्याने हळू आवाजात एक भजन म्हणायला सुरुवात केली, पायरीवर म्हणायचा तसं मोठ्याने नाही, आजारी माणसाच्या उशाशी बसून म्हणावं तसं.

सिलवानचा माठ आदल्या दिवशीच रिकामा झाला होता. जीभ टाळूला चिकटत होती. दाराच्या फटीतून त्याला ओल्या घागरीची बाजू दिसत होती. सगळ्या गावाला ज्याने पाणी पाजलं, त्याने आयुष्यात कधी कुणाकडे पाणी मागितलं नव्हतं. काय सांगून मागायचं? या माणसाचं त्याने काही केलेलं नव्हतं आणि पुढे काही करू शकेल याची खात्री नव्हती. द्यायला त्याच्याजवळ काही म्हणजे काहीच नव्हतं. डोळ्यांसमोर ते तापाने फणफणलेलं पोर आलं, आणि त्या पोराला त्या दिवशी काय हवं होतं तेही त्याला आठवलं. कुणीतरी काही न विचारता जवळ येऊन बसायला हवं होतं.

तो सरपटत दाराशी गेला. कडीवर हात ठेवून तो रडायला लागला. मग त्याने कडी काढली.

"हनोख," तो म्हणाला, "पाणी दे रे मला."

हनोखने ओंजळीने त्याला पाणी पाजलं. त्यातलं बरंचसं दाढीवरून ओघळलं. मग त्याने भाकरीचे तुकडे केले आणि एकेक तुकडा त्याच्या तोंडाजवळ धरला. सिलवान लहान मुलासारखा खात होता आणि रडत होता. हनोखने त्याला विचारलं नाही की का रडतोस.

त्या दिवसापासून हनोख रोज यायचा. त्याला काहीच येत नव्हतं. त्याने पेटवलेल्या चुलीचा धूर घरभर व्हायचा. त्याची भाकरी एका बाजूने करपायची आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहायची. सिलवान पडल्या पडल्या सांगायचा, "अरे, कुऱ्हाड अशी नको धरू, पाय तोडून घेशील. मग दोघांना कोण बघणार?" आणि दोघं हसायचे. त्या घरात इतकी वर्षं हसण्याचा आवाज झाला नव्हता. रिबकाकाकूने तो ऐकला आणि ती पुन्हा पिठलं घेऊन आली. या वेळी सिलवानने ताट चाटूनपुसून साफ केलं.

एकदा सिलवान म्हणाला, "पायरीवर तुला तसं बोललो ते चुकलंच माझं. माफ कर."

"तू खोटं कुठे बोललास?" हनोख म्हणाला. "देवावर माझा भरवसा होता. पण त्या भरवशाने मी कधी कुणाची घागर उचलली नाही. आता उचलतोय तर वाटतं, हे तेव्हाच का नाही सुचलं."

पाय बरा झाला, पण आखूड झाला. सिलवान लंगडत चालू लागला. पूर्वीइतकी कामं त्याच्याने होत नव्हती, तरी जी व्हायची ती तो करायचा. फरक एवढाच की आता त्यात घाई नव्हती. देवापुढे काही मांडून दाखवायचं आहे असं त्याला वाटेनासं झालं. हनोख त्याच्याबरोबर असायचा. एक लंगडत पुढे, दुसरा गाणी म्हणत ओझं घेऊन मागे. आता त्यांना कुणी हसत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तापाची साथ आली. माळापलीकडच्या वस्तीत घरंच्या घरं आजारी पडली. दोघं तिकडे पाणी आणि पेज पोचवायला जायचे. तिथेच हनोखला ताप लागला.

सिलवानने त्याला आपल्या घरी आणलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, वैद्याला बोलावलं. पण ताप उतरेना. शेवटच्या दिवशी दुपारी हनोखने डोळे उघडले. त्यांत भीती होती.

"सिलवान, सगळं आयुष्य मी पायरीवर घालवलं रे. काम केलं ते एवढंसंच. आता प्रभूने विचारलं, काय केलंस, तर काय सांगू?"

सिलवानने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"तो तसं विचारणार नाही," तो म्हणाला. "मीही तसंच समजत होतो. अरे, ज्याने आपल्यासाठी जीव दिला तो दारात हिशोब मागत उभा राहील का? मी काहीही दिलेलं नसताना तू माझ्याकडे आलास. तुझ्यासारखा माणूस जर एवढं करू शकतो, तर त्याचं प्रेम किती असेल! स्वर्ग म्हणजे तुझं घर आहे. घरी जाणाऱ्याला कुणी काही विचारत नसतं."

"खरं?"

"अगदी खरं. तूच तर शिकवलंस मला."

हनोखच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू निवळली. त्याला गायचं होतं, पण आवाज फुटेना. तेव्हा सिलवान, ज्याने चर्चमध्येसुद्धा कधी तोंड उघडलं नव्हतं, त्याच्या कानाशी वाकून बेसूर आवाजात भजन म्हणू लागला. ते संपायच्या आत हनोख गेला.

कबर सिलवानने स्वतः खणली. लोक मदतीला आले, तेव्हा त्याने त्यांनाही एकेक फावडं मारू दिलं. पाळकबाबांनी प्रार्थना केली. लोक पांगले. सिलवान माळावर एकटाच उभा राहिला. एकटेपण त्याला नवीन नव्हतं, पण हे निराळं होतं. पूर्वी त्याला कुणीच नव्हतं. मग त्याला एक जण मिळाला होता, आणि आता तो नव्हता.

घरी जावंसं वाटेना. तो लंगडत तसाच माळ ओलांडून साथीच्या वस्तीत गेला. एका झोपडीत एक म्हातारा आजारी पडून होता. त्याच्या घरचे सगळे तापात गेले होते. त्याला ना भूक होती ना तहान. दारात सावली पडलेली पाहून त्याने क्षीण आवाजात विचारलं, "कोण रे? काय काम काढलंस?"

"काही काम नाही बाबा," सिलवान आत येत म्हणाला. "तुम्ही एकटे आहात, मीही एकटा आहे. बसायला आलोय."

म्हाताऱ्याने अंथरुणातच थोडं सरकून त्याला जागा करून दिली. सिलवान खाली बसला. दार उघडंच होतं, माळावरचा वारा आत येत होता, आणि दोघं न बोलता बराच वेळ तसेच बसून राहिले.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: तारण कमवून मिळत नाही, विश्वासाने रिकामा हात पुढे करून ते घ्यावं लागतं, आणि ज्याने ते खरोखर घेतलं, त्याचे हात दुसऱ्यासाठी पुढे झाल्यावाचून राहत नाहीत.